एल. ए.ची एक जागा

१९ सप्टेंबर १९५६, बुधवार
दिवसभर गठ्ठे बांधले. कायद्याची पुस्तकं सुतळीनं, अहवाल खोक्यांत. बोटांवर सुतळीचे वळ उठलेत. आमची सचिवालयाची लायब्ररी भोपाळला चालली, कपाटांसकट. कायम लोक तिच्याबरोबर. आम्ही तात्पुरते, म्हणून दिवाळीपर्यंत इथे आणि मग घरी. कपाटं कायम आहेत, मी नाही.

सक्सेना साहेबांनी (आमचे मोठे लायब्ररियन, मनाचे चांगले) चिठ्ठी दिली. कु. शालिनी, एल. ए., अस्थायी, तीन वर्षे, काम उत्तम. वरून कागद आलाय म्हणे, की कमी केलेल्यांना त्याच पदनावाच्या जागेवर आधी घ्यावं. "नाम मिलना चाहिए बेटी, बस. जहाँ एल. ए. लिखा दिखे, चिट्ठी लेकर पहुँच जाना." म्हटलं, लायब्ररी असिस्टंट असं पूर्ण लिहून द्या ना. तर म्हणाले, आदेशात जे आहे तेच मी लिहिणार. चार राज्यं एक व्हायला निघालीत, प्रत्येकाची पदनावं वेगळी, आणि सगळ्यांनी ती दोन अक्षरांत कोंबलेली.

घरी अप्पांनी चिठ्ठी उजव्या डोळ्याजवळ धरून दोनदा वाचली. डाव्यात मोतीबिंदू. पिकला की काढू, असं डॉक्टर दोन वर्षं सांगताहेत, आंबा असल्यासारखं. अप्पा म्हणाले, "मग एल. ए. शोधू."
मी म्हटलं, "ग्वाल्हेरातलीच हं."
अप्पांनी चिठ्ठी घडी करून मला परत दिली.

२१ सप्टेंबर, शुक्रवार
अप्पांची फेरी सुरू. सकाळी नऊला टोपी, छत्री, खिशात कागद आणि पेन्सिल. आधी गोरखीतल्या कचेऱ्या, मग बाड्यावरचा बाजार, मग दवाखाना, कॉलेज. जिथे जिथे नोटिसबोर्ड तिथे उभे राहून वाचायचं, एल. ए. दिसलं की उतरवून घ्यायचं, घरी येऊन शाईनं नीट नक्कल काढायची. निवृत्तीनंतर इतके खुश कधी पाहिले नव्हते. वरच्या मजल्यावरच्या इंदूताई म्हणाल्या, "शालू, तुझी लागायची तेव्हा लागेल, अप्पांची तर लागून गेली नोकरी."

एकतीस वर्षं दरबारच्या दप्तरात नक्कलनवीस होते. मूळ कागद डावीकडे, नक्कल उजवीकडे. पदरचं घालायचं नाही, मुळातलं गाळायचं नाही. मुळात चूक असेल तर नकलेतही तीच चूक. एकदा एका गावाचं नाव मुळातच चुकलेलं, यांनी तसंच उतरवलं, साहेब ओरडले. अप्पांनी सांगितलं, चूक सरकारची, नक्कल माझी. मग एकानं मूळ वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं, ती रुजुवात. जुळलं की खाली लिहायचं 'रुजू' आणि सही. आताही, दवाखान्याच्या नोटिशीची चार ओळींची नक्कल काढली तरी मला समोर बसवून पेन्सिलीचा कागद वाचायला लावतात आणि खाली रुजू लिहितात. कोणासाठी, देव जाणे.

२४ सप्टेंबर, सोमवार
दवाखान्यात गेले. अर्धा तास बाकावर. मेट्रननं चिठ्ठी पाहिली, मला पाहिलं, माझ्या चष्म्याकडे जास्तच पाहिलं. "लेडी अटेंडेंट का काम किया है पहले?"
एल. ए. म्हणजे लेडी अटेंडंट. बाळंतिणींच्या वॉर्डात. पाणी तापवणं, भांडी, चादरी, बायकांना उठवणं-बसवणं.
मी खरं ते सांगितलं. ती हसली, पण वाईट नाही हसली. म्हणाली, चिठ्ठीवर एल. ए. आहे, माझ्या कागदावरही एल. ए. आहे, मला चालेल. एक बाई दिवाळीनंतर जाते आहे. तोवर कळव.

घरी येऊन अप्पांवर चिडले. तुम्हांला बोर्डाशी कोणाला विचारता आलं नाही? तर म्हणे विचारलं होतं. कंपाउंडरनं सांगितलंही होतं.
"मग लिहिलं का नाही?"
"कागदावर नव्हतं."
मला हसू आलं आणि रडूही. मग म्हटलं, दुसरं काही नाही मिळालं तर हीच घेते. घरापासून पायी दहा मिनिटं, तुम्हांला दुपारचं गरम वाढता येईल. अप्पांनी जेवण अर्ध्यावर सोडलं, ताट सरकवलं. म्हणाले, "काम वाईट नाही गं. तुझं नाही ते."

२८ सप्टेंबर, शुक्रवार
अविधवा नवमी. आईच्या नावानं इंदूताईंना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. अप्पा स्वतः पाटाभोवती रांगोळी काढतात या दिवशी, दुसऱ्या कोणाला काढू देत नाहीत. आज रेघ वाकडी गेली.

जेवताना इंदूताई म्हणाल्या, "का गं, काय होऊन राहिलंय नोकरीचं? भोपाळला का नाही बघत? तिकडे तर जागाच जागा म्हणतात."
"आणि अप्पा?"
"अप्पांचं काय, मी आहे ना."
मी जरा जोरातच सांगितलं की भोपाळच्या जागेला मी अर्जच करणार नाही, हा विषय नको. आई गेली तेव्हापासून चौदा वर्षं आम्ही दोघंच. दोन स्थळं मी नाही म्हटली, एक पुण्याचं, एक नागपूरचं, ती याच कारणानं. अप्पांना वाटतं पत्रिका जुळली नव्हती. वाटू दे.
अप्पा खीर चाळवत होते. ऐकलं असेल. कान त्यांचे चांगले आहेत.

२९ सप्टेंबर, शनिवार
गोरखीतल्या कचेरीत दुसरी एल. ए. जमिनी ताब्यात घेण्याच्या खात्यातला कारकून तो. लॅंड अ‍ॅक्विझिशन. महसुलाची परीक्षा पाहिजे. तिथले बडे बाबू भले, पाणी विचारलं, म्हणाले, "बिटिया, खसरा समझती हो?" खसरा म्हणजे जमिनीची नोंद. मी म्हटलं, पुस्तकं समजतात. "तो फिर हमारे यहाँ क्यों आँखें फोड़ोगी." चिठ्ठी घडी करून परत दिली.
हाफ डे. येताना बाड्यावरून अप्पांसाठी जाड निबा घेतल्या, बारीक अक्षर आता त्यांना दिसत नाही. बारीकच काढतात तरी.

४ ऑक्टोबर, गुरुवार
तिसरी एल. ए. कॉलेजात. लॅबोरेटरी असिस्टंट. काचेच्या बरण्यांत बेडूक, साप, आणखी काय काय, बघितलं नाही. प्रोफेसर तरुण होते. म्हणाले, लेबलं तुम्ही फार छान लिहाल, पण ऍसिड कोणतं नि पाणी कोणतं हे लेबल लावण्याआधी कळायला हवं. अगदी खरं. इंटर सायन्स पाहिजे.
अप्पांना सांगितलं तर मनापासून हसले, डोळे पुसेपर्यंत. पुष्कळ दिवसांनी. म्हणाले, "तीन झाल्या. एका नावाची इतकी माणसं असतात, जागा का नसाव्यात."
मी मनात दवाखाना पक्का करून टाकला आहे. चादरी तर चादरी.

९ ऑक्टोबर, मंगळवार
शेवटची खोकी गेली. ट्रकवाल्यानं विचारलं, "बहनजी, इसमें काँच है क्या?" म्हटलं, नाही, नुसती पुस्तकं. "तो फेंक के चढ़ा दूँ." मी ट्रकपाशी उभी राहिले, एकेक खोकं हातानं चढवलं जाईपर्यंत.
आतली खोली मोकळी. भिंतीवर कपाटांच्या जागी पांढरे चौकोन. तीन वर्षं रोज मी इथे पहिली यायची, खिडक्या उघडायची, तो कागदाचा आणि डांबरगोळ्यांचा वास. कोणी पुस्तक मागितलं की न बघता हात त्या फळीवर जायचा. मला हे काम फार आवडायचं. हे मी कोणाला कधी बोलले नाही. बाईमाणसानं नोकरी गरजेपोटी करायची असते, आवडायची नसते.
घरी येऊन अप्पांपाशी रडले. एवढी मोठी घोडी. अप्पा पाठीवरून हात फिरवत राहिले. मी काय काय बोलले आठवत नाही, पुस्तकांबद्दलच असेल.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार
मिळाली. म्हणजे अजून मिळाली नाही, पण ही खरी आहे.
ताटाशेजारी अप्पांनी कागद ठेवलेला. 'एल. ए., एक पद. पुस्तकों की देखभाल एवं सूची का अनुभव रखने वालों को वरीयता. आवेदन इसी कार्यालय में.' नव्या राज्याच्या कुठल्याशा शिक्षणखात्याची लायब्ररी, नव्यानं उभी करायची आहे. मुलाखत इथेच, २३ला. दोनदा वाचला. जेवण झाल्याबरोबर अर्ज लिहायला घेतला, खरकटं तसंच.
रुजुवातीला आज बसवलं नाही मला. मी चिडवलं, "म्हातारे झालात, रुजू लिहायचं राहिलं." म्हणाले, "उजेड गेला होता." आणि उठून तुळशीपाशी गेले.

१४ ऑक्टोबर, रविवार
दसरा. सोनं द्यायला पाचसात घरी गेलो. सगळीकडे एकच चर्चा, कोण भोपाळ, कोण इंदूर, कोणाचं घर भाड्यानं निघालं. निम्मी गल्ली मोकळी होणार. पाचसहा पिढ्यांपूर्वी इथे आलेली माणसं आणि आता सामान बांधायला शिकताहेत. मी ऐटीत सांगितलं की माझी इथलीच जागा होते आहे.
परत आले तर चमत्कार. अप्पा स्टोव्ह पेटवत होते. पिन मारून, नीट. इंदूताई शेजारी उभ्या राहून शिकवताहेत, वरणाला हळद कधी, डाळीला पाणी किती. "वेळ जात नाही गं," अप्पा म्हणाले. वरण चांगलं झालं होतं, मीठ विसरले होते.

२३ ऑक्टोबर, मंगळवार
तिघे होते. सूची कशी कराल, वाळवी लागली तर काय कराल, एकाच नावाची दोन पुस्तकं आली तर. सगळं आलं. मधले गृहस्थ, पांढऱ्या मिशा, म्हणाले, "आप तो बनी-बनाई मिल गईं." मला वाटलं उडतच घरी जावं.
मग फाईल मिटताना त्यांनीच विचारलं, "भोपाल में रहने का कोई इंतज़ाम है?"
मी म्हटलं, भोपाळ कशाला, जागा तर ग्वाल्हेरची.
त्यांनी बाबूकडे पाहिलं. बाबूनं नोटीस पुढे केली. चौथी ओळ. नियुक्ति स्थान : भोपाल.
काय उत्तर दिलं आठवत नाही. "हो जाएगा" असं काहीतरी. बाहेर येऊन बोर्डावरची मूळ नोटीस पाहिली. तीच. मोठ्या टाईपात. पहिली, दुसरी, तिसरी ओळ अप्पांच्या नकलेत आहे. पाचवी आहे.
घरी बोलले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. एकच भीती वाटते आहे, की उजवा डोळाही गेला. ओळच्या ओळ दिसली नसेल तर ते रस्त्यानं चालतात कसे?

२४ ऑक्टोबर, बुधवार
सकाळी त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं, लांबून. तारखा, तिथ्या, खालचं छापखान्याचं बारीक नावसुद्धा वाचलं. मग "का गं?" असं विचारलं.
मी ती नक्कल काढली. खाली रुजू नाही. अंधारामुळे नाही. जी नक्कल मुळाशी जुळत नाही तिच्यावर रुजू लिहायला हात झाला नाही त्यांचा.
"अप्पा, चौथी ओळ कुठे आहे?"
अप्पांनी कागद हातात घेऊन सरळ केला. "गाळली."
मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. लाज वाटते. मला फसवलंत, सगळ्या गल्लीभर मी सांगत फिरले, आणि असलं बरंच. शेवटी म्हटलं, "मला इथे ठेवायचं होतं तर सरळ सांगायचं."
"ठेवायचं असतं तर कागदच आणला नसता," अप्पा म्हणाले.
मी थांबले तिथेच. इतकी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती.
"ती ओळ वाचली असतीस तर तू अर्ज केला नसतास. दवाखान्यात गेली असतीस, माझ्या गरम जेवणासाठी. त्या दिवशी ट्रक गेला तेव्हा तू रडलीस, ते आई गेली तेव्हा रडली होतीस तसं. मला दुसरं काही सुचलं नाही."
मग अगदी हळू म्हणाले, "एकतीस वर्षांत काना-मात्रा गाळली नव्हती गं. दोन दिवस अन्न गेलं नाही."
मी चूल आवरायला गेले. आवरण्यासारखं काही नव्हतं तिथे.

२७ ऑक्टोबर, शनिवार
अबोल्याचा तिसरा दिवस. माझाच. अप्पा आपले बोलतात, मी हूं हूं करते.
इंदूताईंकडे जाऊन भांडले. त्यांना सगळं ठाऊक होतं. वरण-भात शिकवायचा, डोळ्याच्या ऑपरेशनला त्यांचे यजमान सोबत राहणार, पट्टी असेपर्यंत डबा वरून येणार, सगळं ठरलेलं, दसऱ्याच्या आधी. "तू सांगून ऐकणारी आहेस का?" म्हणाल्या. "बापाच्या गळ्यातलं लोढणं मुलगी असते म्हणतात, इथे उलटं चाललंय. ते म्हणतात मीच तिच्या गळ्यात लोढणं होऊन राहिलोय."
लोढणं. हा शब्द त्यांनी वापरला, स्वतःसाठी. मला इतका राग आला आणि इतकी माया, की जिन्यावरच बसले थोडा वेळ.

१ नोव्हेंबर, गुरुवार
पहिली आंघोळ. आणि आजपासून राज्य नवं. पहाटे फटाके, ते चतुर्दशीचे की राज्याचे कळायला मार्ग नाही. मध्य भारत हे आमचं राज्य संपलं. माझी नोकरीही कालच संपली, चहा आणि एक हार देऊन.
अप्पांना तेल लावलं, उटणं लावलं, आई लावायची तसं. पाठ किती बारीक झाली आहे. मणके मोजता येतील. लावता लावता अबोला सुटला.
म्हटलं, "पुणं आणि नागपूर, पत्रिका जुळल्या होत्या."
"ठाऊक आहे. पत्रिका मीच उतरवल्या होत्या ना."
इतकी वर्षं. दोघंही एकमेकांपासून लपवतोय आणि दोघांनाही माहीत. मी म्हटलं, तुम्ही मला लोढणं वाटत नाही, कधीच वाटला नाहीत, तुम्ही नसलात तर त्या भोपाळात संध्याकाळी कामावरून येऊन मी बोलू कोणाशी. असं तोंडावर मी आजवर बोलले नव्हते. त्यांची पाठ माझ्याकडे होती म्हणून जमलं.
अप्पा पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतून घेत राहिले. पाणी संपल्यावरही जरा वेळ बसून होते.

८ नोव्हेंबर, गुरुवार
आलं. पाकीट जाड. नाव नीट लिहिलंय, पद एल. ए., आणि या वेळी शेजारी पूर्णही लिहिलंय. वीस तारखेपर्यंत हजर व्हायचं. सक्सेना साहेबांना सांगायला हवं, पण ते तर आधीच गेले तिकडे.
दवाखान्यात जाऊन मेट्रनला सांगून आले की मला ती जागा नको. तिनं कारण ऐकलं आणि माझा हात दाबला. डोळ्याच्या डॉक्टरांची खोली बाजूलाच म्हणून तिथेही गेले. म्हणाले, पिकला आहे, थंडीत करून टाकू, डिसेंबरात आणा. त्यानंतर महिनाभर जपायचं, मग काही हरकत नाही.
मग म्हणजे जानेवारी. घरी आल्यावर अप्पांना एवढंच सांगितलं, "जानेवारी." त्यांनी विचारलं नाही कशाचं.

१० नोव्हेंबर, शनिवार
पाकिटात सरकारी घरासाठी अर्जही आहे. दोन खोल्यांचं हवं की एका, ते घरात राहणाऱ्या माणसांवर. माणसं किती, नावं, नातं. पहिल्या ओळीत माझं नाव घातलं. दुसरी रिकामी.
अप्पा म्हणतात, एकच लिही, एकटीला खोली लवकर मिळते. पेन्शन इथल्या खजिन्यातून, डॉक्टर इथे, तुळस इथे. शिवाय, "मुलीच्या घरी जाऊन राहायचं म्हणजे..." आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. मी म्हटलं, माझं घर आणि तुमचं घर अशी दोन घरं कधी झाली आपली? मला कळलं नाही ते.
अप्पांनी अर्ज माझ्याकडे सरकवला.
मी पाय आपटला नाही. शांतपणे सांगितलं की टपाल सोमवारी सकाळी अकराला निघतं, तोवर ओळ रिकामी ठेवते, तुम्ही सांगाल ते लिहीन. आणि नाही म्हणालात तरी मी जाणार, आता जाणार हे नक्की, ते तुम्ही जिंकलात. पण मग मला तिथे करमणार नाही, तेवढं लक्षात ठेवा.
दुपारभर अप्पा अंगणात खुर्ची उन्हात ओढून बसले. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची, एका डोळ्याला उजेड पुष्कळ लागतो. चारच्या सुमारास मी चहा घेऊन गेले. कप हातात घेतला, प्यायले नाहीत.
"त्या सरकारी घरांना," म्हणाले, "दुपारचं ऊन कुठल्या बाजूनं येतं गं?"
मला ठाऊक नव्हतं.